मेमरी संपली तरी फोन गोठत नाही, त्यामागचा विचार ६० वर्षांपूर्वी मांडणारा डच प्रोग्रॅमर: एड्सगर डायक्स्ट्रा

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवर उतरून गुलमंडीला जायचंय. फोनवर नकाशा चालू आहे. मध्येच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो, तो बघून होत नाही तोच कोणीतरी आधार कार्डाचा फोटो मागतं म्हणून कॅमेरा उघडला जातो. फोन जुना, रॅम जेमतेम ३ जीबी. गुलमंडी येईपर्यंत नकाशा नीट चाललेला असतो, पण मघाशी ब्राउझरमध्ये अर्धा भरून ठेवलेला परीक्षेचा फॉर्म गायब. पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं.

राग येणं साहजिक आहे. पण फोनच्या आत त्या वेळी काय झालं, हे कळलं तर राग जरा कमी होईल. मेमरी संपत आली होती. पूर्ण फोन गोठू नये म्हणून सिस्टीमनं मागे पडलेलं एक ॲप बंद केलं आणि बाकीच्यांना वाचवलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण कम्प्युटरच्या दुनियेतल्या अवघड कामांपैकी हे एक आहे. कारण फोनच्या आत एकाच वेळी शेकडो कामं चालू असतात आणि ती सगळी त्याच तुटपुंज्या मेमरीवर हात टाकत असतात. अशा गर्दीत कोणाला आधी द्यायचं, कोणाला थांबवायचं आणि सगळेच एकमेकांची वाट बघत अडकू नयेत म्हणून काय करायचं, या प्रश्नांचा पाया ज्यानं घातला तो माणूस म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा.

आणि गंमत म्हणजे स्टेशनवरून गुलमंडीला जायचा जवळचा रस्ता नकाशा ज्या पद्धतीनं शोधतो, तिच्या मुळाशीही हाच गडी आहे.

वकील व्हायचं होतं, झाला प्रोग्रॅमर

डायक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात हुशार. पोराला मात्र कायदा शिकायचा होता. संयुक्त राष्ट्रांमध्ये आपल्या देशाची बाजू मांडायची, असं त्याच्या डोक्यात होतं. पण शाळेत विज्ञानाचे मार्क इतके चांगले पडले की गाडी लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळली.

१९५१ मध्ये वडिलांच्या नजरेला एक जाहिरात पडली. इंग्लंडमधल्या केंब्रिजला मॉरिस विल्क्स प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स घेणार होते. त्या काळी जगात चालू असलेले कम्प्युटर बोटांवर मोजता येतील इतके, आणि केंब्रिजचा एडसॅक त्यातला एक. पोरगा जाऊन शिकून आला. पुढच्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आद्रियान फान वाइनगार्डन यांनी त्याला अर्धवेळ प्रोग्रॅमर म्हणून घेतलं.

पण प्रोग्रॅमिंग हा काही धंदा आहे का, अशी शंका त्यालाच होती. भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं तर त्याच्याकडे सांगायला विषय असतो. प्रोग्रॅमरकडे काय असतं? हा प्रश्न घेऊन तो वाइनगार्डन यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला समजावलं, की कम्प्युटर आता कुठे जात नाहीत, आपण सुरुवातीला उभे आहोत आणि या कामाला मान मिळवून देणारा माणूस कदाचित तूच असशील. डायक्स्ट्रानं मनाशी पक्कं केलं.

१९५७ मध्ये त्याचं लग्न झालं. नवरी रिया डेबेट्स, तीही मॅथेमॅटिकल सेंटरमध्येच आकडेमोडीचं काम करणारी. लग्नाच्या नोंदीत व्यवसाय लिहायचा होता, त्यानं प्रोग्रॅमर सांगितलं. सरकारी कार्यालयानं ते मान्यच केलं नाही, कारण असा काही व्यवसाय नसतोच. शेवटी कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहिलं गेलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, रियासोबत खरेदी करून दमल्यावर तो ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी घेत बसला होता. तिथं कागद-पेन न घेता साधारण २० मिनिटांत त्यानं दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची पद्धत डोक्यातच जुळवली. ती छापून आली १९५९ मध्ये. आज कम्प्युटर शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ती डायक्स्ट्रा अल्गोरिदम म्हणून शिकतो. जगात तो या एका गोष्टीमुळे ओळखला जातो. पण त्याची झोप उडवणारा प्रश्न वेगळाच होता.

झोप उडवणारं मशीन

त्या काळचा कम्प्युटर एका वेळी एकच काम करायचा. प्रिंटरला छापायला सांगितलं की छापून होईपर्यंत गप्प उभा. वेळ वाया जायचा. म्हणून डायक्स्ट्राच्या दोन सहकाऱ्यांनी, ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल शोल्टन यांनी, एक्स-१ नावाच्या नव्या मशीनमध्ये एक सोय करायचं ठरवलं. मशीननं आपलं काम करत राहायचं आणि प्रिंटरचं काम झालं की प्रिंटरनंच मशीनला हाक मारायची. या हाकेला म्हणतात इंटरप्ट.

डायक्स्ट्रा घाबरला. त्यानं सुरुवातीला टाळाटाळच केली. कारण हाक कधी येईल याचा नेम नाही. प्रोग्रॅमच्या कुठल्याही दोन ओळींच्या मध्ये ती येऊ शकते. आज चाललेला प्रोग्रॅम उद्या चुकेल, परवा पुन्हा नीट चालेल, आणि चूक शोधायला बसलं की ती सापडणारच नाही.

ही भीती नेमकी कशाची होती, ते आपल्या मध्यवर्ती बसस्थानकाचं उदाहरण घेऊन बघू. समजा पुण्याच्या बसमध्ये एकच सीट उरलीय. दोन खिडक्यांवरचे दोन कर्मचारी एकाच क्षणी रजिस्टर बघतात. दोघांनाही सीट रिकामी दिसते. दोघंही तिकीट फाडतात. दोघांनीही नियमानं काम केलं, तरी एका सीटवर दोन प्रवासी. रोज असं होत नाही. गर्दीच्या दिवशी, नेमक्या एका सेकंदाला होतं. आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करायला गेलं तर दोन्ही खिडक्या व्यवस्थित चाललेल्या दिसतात.

कम्प्युटरमध्ये यालाच रेस म्हणतात, म्हणजे दोन कामांची एका गोष्टीसाठी लागलेली शर्यत. डायक्स्ट्राला कळून चुकलं की इथं हजार वेळा चालवून बघण्याचा उपयोग नाही. हजार वेळा नीट चाललं म्हणून एक हजार एकावी वेळ नीट जाईल याची खात्री कोण देणार? गणितातल्या प्रमेयासारखं आधी सिद्ध करायला हवं की चूक होऊच शकत नाही. एक्स-१ चं काम त्यानं असंच केलं आणि त्याच कामातून १९५९ मध्ये त्याचा पीएचडीचा प्रबंध उभा राहिला.

पुढच्या वर्षी याप झोनेव्हेल्डसोबत त्यानं अल्गोल-६० या भाषेचा कम्पायलर लिहिला. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण होता. काम झाल्यावर झोनेव्हेल्डनं दाढी उतरवली, डायक्स्ट्रानं ठेवली.

एका दरवाजातून एकच गाडी

१९६२ मध्ये तो आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. इथं त्यानं शर्यतीच्या प्रश्नाला हात घातला.

मकाई गेटसारख्या आपल्या जुन्या दरवाजाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दरवाजा अरुंद, दोन्हीकडून गाड्या येतात, आत एका वेळी एकच मावते. नियम नसेल तर दोन्हीकडून एकेक गाडी घुसते आणि समोरासमोर अडकते. मागच्यांची रांग लागली की मागेही जाता येत नाही. प्रोग्रॅममध्येही असा अरुंद भाग असतो, जिथं एका वेळी एकच काम शिरलं पाहिजे. दोन कामांपुरतं याचं बरोबर उत्तर डायक्स्ट्राच्याच ओळखीतल्या थिओडोरस डेकर या डच गणितज्ञानं काढलं होतं. कितीही कामं असली तरी चालेल असं उत्तर डायक्स्ट्रानं १९६५ मध्ये छापलं. तो लेख जेमतेम एका पानाचा आहे.

त्याहून मोठी देणगी म्हणजे सेमाफोर. हा शब्द त्यानं रेल्वेच्या सिग्नलवरून उचलला. एकेरी रेल्वेमार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हातात टोकन देत असे, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. टोकन हातात असेल तरच गाडी पुढे, पुढच्या स्टेशनवर ते परत द्यायचं, मग दुसऱ्या गाडीला रस्ता मोकळा. सेमाफोरचं काम साधारण असंच. आत जाताना परवानगी घ्यायची, बाहेर पडताना सोडायची. परवानगी शिल्लक नसेल तर थांबायचं. आज प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि सर्व्हरच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशी हजारो कुलपं आहेत.

पण कुलूप आलं की नवी पंचाईत येते. एकाकडे एक कुलूप आहे आणि त्याला दुसरं हवंय, दुसऱ्याकडे दुसरं आहे आणि त्याला पहिलं हवंय. दोघंही नियमानं वाट बघत बसतात, कायमचे. याला डेडलॉक म्हणतात. १९६५ मध्ये डायक्स्ट्रानं विद्यार्थ्यांना परीक्षेत यावर एक प्रश्न घातला: पाच कम्प्युटर आणि त्यांना वाटून वापरायला पाच टेप ड्राइव्ह. पुढे टोनी होअर यांनी कम्प्युटरच्या जागी तत्त्वज्ञ बसवले आणि टेपच्या जागी जेवणाचे काटे ठेवले. कम्प्युटरच्या पुस्तकांमध्ये जेवायला बसलेले ते पाच तत्त्वज्ञ आजही भेटतात.

सावकाराचा हिशेब

इथून आपण मेमरीच्या प्रश्नाकडे येतो. मेमरी ठरावीक, मागणारे अनेक. डायक्स्ट्रानं हा प्रश्न सावकाराच्या नजरेनं बघितला. त्याची पद्धत बँकर्स अल्गोरिदम म्हणून ओळखली जाते.

समजा शहागंजातल्या एका सावकाराकडे १० लाख रुपये आहेत. दोन बांधकाम ठेकेदार त्याच्याकडे येतात. सिडकोतलं काम पूर्ण करायला पहिल्याला जास्तीत जास्त ८ लाख लागणार, गारखेड्यातल्या कामासाठी दुसऱ्याला ६ लाख. पैसे हप्त्याहप्त्यानं न्यायचे आणि काम पूर्ण झालं की सगळे परत. अर्धवट इमारतीतून कोणाला पैसा सुटत नाही.

पहिल्यानं आतापर्यंत ५ लाख नेलेत, दुसऱ्यानं २ लाख. सावकाराकडे ३ लाख उरलेत. आता दुसरा येऊन फक्त १ लाख मागतो. द्यायचे का?

हातात पैसे आहेत म्हणून दिले, तर उरतात २ लाख. पण पहिल्याला काम संपवायला अजून ३ लाख हवेत आणि दुसऱ्यालाही ३ लाखच. दोघांनी पूर्ण रक्कम मागितली तर एकाचंही काम पूर्ण होणार नाही आणि सावकाराचे ८ लाख दोन अर्धवट इमारतींमध्ये अडकतील. म्हणून शहाणा सावकार खिशात ३ लाख असूनही १ लाख नाकारतो. आधी पहिल्याचं काम होऊ देतो, त्याचे ८ लाख परत आले की दुसऱ्याला मोकळ्या हातानं देतो.

मतलब, देण्याआधी एवढंच बघायचं की यानंतर सगळ्यांची कामं पूर्ण होतील असा निदान एक क्रम शिल्लक राहतो का. राहत असेल तर द्या, नसेल तर थांबवा.

१०८ केबीमध्ये बसवलेला कारभार

हे सगळं कागदावर राहिलं नाही. मोजक्या माणसांना घेऊन डायक्स्ट्रानं आइंडहोवनमध्ये एक्स-८ या मशीनसाठी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टीएचई म्हणतात. मशीनची मुख्य मेमरी ३२ हजार शब्दांची, एक शब्द २७ बिटांचा. आजच्या हिशेबात साधारण १०८ केबी. व्हॉट्सॲपवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा एखादा फोटोही त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालायचे. जे मावत नाही ते फिरत्या ड्रमवर ठेवायचं आणि लागेल तेव्हा आत आणायचं.

सिस्टीम थरांमध्ये बांधली होती. खालचा थर बरोबर आहे हे पटल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. त्यामुळे चाचण्यांमध्ये सापडल्या त्या फक्त किरकोळ, लिखाणातल्या चुका. हे काम १९६७ मध्ये अमेरिकेतल्या परिषदेत मांडलं गेलं आणि पुढच्या वर्षी छापून आलं.

पण कौतुक बाहेर झालं, घरात नाही. गणित विभागाला या कामात रस नव्हता. सिस्टीम पूर्ण झाल्यावर त्याचा गट मोडण्यात आला. डायक्स्ट्राला नैराश्यानं गाठलं. त्यातून बाहेर यायला त्यानं लिखाणाचा आधार घेतला, आणि औषधासारखं केलेलं ते लिखाण म्हणजे स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरची त्याची प्रसिद्ध टिपणं. ज्या कामाला त्याच्या लग्नाच्या कागदावर जागा मिळाली नव्हती, त्याच कामासाठी १९७२ मध्ये त्याला कम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आजचा फोन सावकाराचं ऐकतो का?

खरं सांगायचं तर नाही. सावकाराच्या पद्धतीत प्रत्येकानं आपली कमाल गरज आधी सांगावी लागते. ब्राउझरमध्ये तुम्ही पुढे काय उघडणार, हे ब्राउझरला तरी कुठे माहीत असतं? शिवाय प्रोग्रॅम मागतात भरपूर आणि वापरतात थोडं. म्हणून अँड्रॉइड फोनच्या पोटात असलेलं लिनक्स कर्नल हातात आहे त्यापेक्षा जास्त मेमरीचा शब्द देऊन मोकळं होतं. बहुतेक वेळा निभावतं.

निभावलं नाही तर वसुली करावी लागते. अँड्रॉइडमध्ये मेमरी पूर्ण संपायच्या आधीच एक पहारेकरी मागची ॲप बंद करायला लागतो. तरीही संपलीच, तर लिनक्सचा शेवटचा उपाय म्हणजे ओओएम किलर. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो यावर तो गुण लावतो आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचा बळी देतो.

आणि इथंच डायक्स्ट्राची भीती पुन्हा समोर येते. आजच्या प्रोसेसरमध्ये आठ-आठ कोर असतात. दोन कोरवरच्या कामांना एकाच क्षणी मेमरी कमी पडली आणि दोघांनी आपापला बळी निवडला, तर एकानं भागलं असतं तिथं दोन जातील. बसच्या तिकिटासारखंच. म्हणून बळी निवडायच्या कामाला एक कुलूप आहे. ते एकाकडे असेल तर दुसरा दाराशी अडून बसत नाही. कोणीतरी मेमरी मोकळी करतंय असं धरून तो किंचित थांबतो आणि पुन्हा मागून बघतो.

दुसरा धोका जास्त वाईट. बळी निवडला म्हणून मेमरी लगेच सुटत नाही. त्या प्रोग्रॅमला स्वतःचा गाशा गुंडाळावा लागतो. पण तो एखाद्या कुलपाची वाट बघत अडकला असेल तर? आणि ते कुलूप ज्याच्याकडे आहे, तो मेमरी मिळायची वाट बघत असेल तर? मेमरी सुटत नाही कारण बळी अडकलाय, बळी अडकलाय कारण मेमरी सुटत नाही. वाचवायला आलेलाच वर्तुळात सापडतो आणि अख्खं मशीन गोठतं.

यावर २०१६ मध्ये, लिनक्सच्या ४.६ आवृत्तीत, उपाय आला. त्याचं नाव ओओएम रीपर. हा वेगळा कामगार बळीच्या मरणाची वाट बघत नाही, त्याची मेमरी बाहेरूनच सोडवायला लागतो. त्यालाही एक कुलूप लागतं, पण तो ते नुसतं हलवून बघतो. उघडलं तर ठीक, नाहीतर ठरावीक वेळा प्रयत्न करून नाद सोडतो आणि दुसरा बळी निवडायला वाट मोकळी करतो. बळी स्वतः गाशा गुंडाळत असताना रीपरनंही त्याच मेमरीला हात घातला तर गोंधळ व्हायचा, म्हणून त्या दोघांमध्येही शिस्त ठेवावी लागते.

डायक्स्ट्राच्या सावकाराला आजच्या कर्नलनं बाजूला ठेवलं, पण वाट पाहण्याचं वर्तुळ होऊ द्यायचं नाही हा त्याचा धडा सोडता आला नाही.

शाईच्या पेनानं लिहिणारा कम्प्युटरवाला

१९७३ पासून डायक्स्ट्रानं बरोझ या कंपनीसाठी न्यूनेन गावातल्या आपल्या घरातून संशोधन केलं. १९८४ मध्ये तो अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेला आणि १९९९ मध्ये निवृत्त झाला. एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः कम्प्युटर फारसा वापरत नसे. तो शाईच्या पेनानं, सुबक अक्षरात टिपणं लिहायचा, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि फोटोकॉपी करून ओळखीच्यांना पाठवायचा. पाठवलेले लोक त्यांच्या आणखी प्रती काढून पुढे पाठवायचे. अशी १३०० हून जास्त टिपणं आहेत.

आजारपणात तो न्यूनेनला परतला. ६ ऑगस्ट २००२ रोजी कॅन्सरनं त्याचं तिथंच निधन झालं. अनेक कम्प्युटरनी मिळून काम करण्याच्या शास्त्रातल्या प्रभावी संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार २००३ पासून त्याच्या नावानं दिला जातो.

तुटवड्याच्या वेळी सगळ्यात आधी मोडते ती रांग. प्रत्येकाला वाटतं, आपली गरज मोठी, आपण मध्ये घुसलो तर काय बिघडलं. नेमकं तेव्हाच रांगेचा नियम सर्वांत जास्त लागतो, आणि तो मदतीला आलेल्यालाही लागू असावा लागतो. डायक्स्ट्रानं हे १०८ केबीच्या मशीनवर दाखवून दिलं. आपल्या खिशातला फोन त्यापेक्षा हजारो पटींनी मोठा झाला, तरी मेमरी संपायची ती संपतेच आणि नियम तोच लागतो.